सोलापुरातल्या कामगार संघटनांना आणि वस्ती समित्यांना खुले पत्र : मूळ फाइल जपा, माणूस जपा

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील विडी, यंत्रमाग, सफाई, ऊसतोड आणि घरकामगारांच्या संघटना, वस्ती समित्या, भटक्या-विमुक्तांची मंडळे आणि या सर्वांसाठी मोबाइलवर चित्रण करणारे तरुण कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार, जय भीम, लाल सलाम.

ड्रेनेजमध्ये विनासाधन उतरवलेला माणूस, छाट म्हणजे नापास ठरवून परत केलेल्या विड्यांचा ढीग, उसाच्या फडात थंडीत झोपलेली लेकरे हे सगळे आज तुमच्या फोनमध्ये आहे. ते टिपायला हिंमत लागते आणि ती तुमच्याकडे आहे. तरीही यातले बरेचसे चित्रण ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्या टेबलापर्यंत जात नाही आणि गेले तरी तिथे टिकत नाही. त्यात चित्रणाचा दोष क्वचितच असतो. मूळ फाइल गेलेली असते, तारीख-जागा कुणी लिहिलेली नसते, किंवा ज्या बाईने तोंड उघडले तिचे काम दुसऱ्या दिवशी बंद झालेले असते आणि ती पुन्हा बोलायला तयार नसते. या तिन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी तुम्ही सर्वांनी मिळून सोलापुरात एक सामायिक चित्रनोंद केंद्र सुरू करावे, अशी आम्हा चित्रण-प्रशिक्षकांची मागणी आहे. संघटनेच्या कार्यालयातले एक कुलूपबंद कपाट, दोन हार्डडिस्क आणि एक रजिस्टर एवढे त्याला पुरते.

समोर चित्र दिसतेय, मग पुरावा आणखी कशाला, असे पुष्कळांना वाटते. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारले. समोर राहणाऱ्या एकाने ते बाल्कनीतून टिपले आणि ती फीत जगभर दाखवली गेली. तरी २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने आरोपी पोलिसांना जवळपास सगळ्या आरोपांतून मोकळे केले. बचावाच्या वकिलांनी तीच फीत एकेक चौकट थांबवून दाखवली होती आणि प्रत्येक चौकटीला आपला अर्थ चिकटवला होता. मानवी हक्कांसाठी कॅमेरा कसा वापरावा हे जगभर शिकवणारी ‘विटनेस’ ही संस्था त्याच वर्षी सुरू झाली. नुसती फीत पुरत नाही. ती कुणी, कधी, कुठून घेतली आणि तिच्या आधी-नंतर काय घडले, हे सांगणारा माणूस आणि कागद तिच्या शेजारी उभा लागतो.

याची दुसरी, भयंकर बाजू आपल्या जिल्ह्याने भोगली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली घरे त्या दिवशी उजाड झाली. त्या काळात देशभर व्हॉट्सॲपवर फिरणारी मूल पळवण्याची एक फीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षिततेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. मूळ फितीच्या शेवटी तेच दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला होता. तेव्हा आपल्या हातातली फीत कापताना, मथळा लावताना आणि पुढे ढकलताना सोलापूरकरांनी तरी दहादा थांबले पाहिजे.

आता कामाचे बोलू.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि फाइलच्या पोटात असलेली माहिती, म्हणजे चित्रणाची वेळ, ठिकाण, फोनचे मॉडेल, त्यातली बहुतेक गळून पडते. समोरच्याला पोचते ती नक्कल. नंतर फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल पुसली जाते आणि ग्रुपवरची नक्कलच काय ती उरते. म्हणून पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडून पाठवा, त्यात फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून चांगले म्हणजे त्याच दिवशी केबलने लॅपटॉपवर उतरवा. साध्या १०८० दर्जाच्या चित्रणाला मिनिटाला सुमारे शंभर ते एकशे तीस एमबी लागतात, म्हणजे तासाभराला सहा ते आठ जीबी. दोन टेराबाइटच्या एका डिस्कवर एका संघटनेची काही वर्षे सहज मावतात. मात्र डिस्क दोन हव्यात आणि त्या दोन वेगवेगळ्या इमारतींत हव्यात. एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकाच आगीत जळतात.

फाइल उतरवली की तिचा हॅश काढा. हॅश म्हणजे त्या फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षरांची ओळ. एसएचए-२५६ या पद्धतीत ती चौसष्ट अक्षरांची असते. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आधीपासूनच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. फाइलचे नाव बदलले तर हॅश बदलत नाही. पण एक सेकंद कापला, गॅलरीत नुसते आडवे-उभे फिरवून जतन केले, तरी तो पूर्ण बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. संपादन करायचे ते नकलेवर. रजिस्टरमध्ये प्रत्येक फाइलची एक ओळ असावी: फाइलचे मूळ नाव, चित्रणाची तारीख-वेळ, जागा, कोणी टिपले, कोणत्या फोनवर, कधी आणि कोणी उतरवले, हॅश, आणि बोलणाऱ्याची परवानगी कुठपर्यंत आहे. रजिस्टर पानांवर क्रमांक छापलेले घ्या, सुटी पाने नकोत.

हा खटाटोप कायद्यामुळे आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ भाग ते उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे या नमुन्यातच विचारलेले आहे. जुन्या कायद्यातल्या ६५-ब कलमाच्या प्रमाणपत्रावरून सर्वोच्च न्यायालयात गाजलेला खटला आपल्याच महाराष्ट्रातला, जालन्याच्या निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले की नाही, हा तिथे वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाच्या सीडींचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून दाखवले तर प्रमाणपत्राची गरज नाही. नकलेवर काम चालवायचे असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. म्हणून ज्या फोनवर महत्त्वाचे चित्रण झाले तो फोन प्रकरण संपेपर्यंत विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, ‘रिसेट’ मारू नका. फुटला असेल तरी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर उलटतपासणीत हमखास बोट ठेवले जाते. एमपी-४ फाइलच्या पोटातली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे नोंदलेली असते. सकाळी दहाचे चित्रण तिथे साडेचारचे दिसते आणि समोरचा वकील ‘वेळ खोटी आहे’ म्हणतो. फोनचे घड्याळ स्वयंचलित ठेवा, चित्रण सुरू करताना तारीख, वेळ, जागा मोठ्याने बोला, आणि हा फरक रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातले चित्रण हवे असेल तर घाई करा. दुकानांच्या, कारखान्यांच्या सीसीटीव्हीत जुने चित्रण साधारण पंधरा दिवस ते महिनाभरात नव्याखाली पुसले जाते. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी ‘अमुक वेळेचे चित्रण जपून ठेवावे’ असे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंह सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे की चित्रण अठरा महिने साठवावे आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षाच्या खाली जाऊ नये. पोलीस ठाण्यात चित्रण केले म्हणून कुणी शासकीय गुपिते कायद्याची भीती घालत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल हाताशी ठेवा: पोलीस ठाणे ही त्या कायद्यातली ‘निषिद्ध जागा’ नाही. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असेल तर घटनेपासून एक वर्षाची मुदत असते. चांगली फिल्म बनवू म्हणत दीड वर्ष घालवले तर तो दरवाजा बंद झालेला असतो.

चित्रणाची मूलतत्त्वे तुम्हाला येतात, ती इथे सांगत नाही. सोलापुरात नेमके काय बिघडते तेवढे सांगतो. यंत्रमाग कारखान्यात ट्यूबलाइटखाली सेकंदाला तीस फ्रेमवर चित्रण केले की पडद्यावर काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे. फोनच्या ‘प्रो’ पर्यायात २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. मागांच्या खडखडाटात मुलाखत घेऊच नका. आतले काम टिपा, बोलणे बाहेर घ्या, हजार-दीड हजारांचा कॉलरचा माइक लावून. आत मात्र अर्धा मिनिट नुसता आवाजही नोंदवा. माणूस पाळीभर कशात उभा असतो हे अधिकाऱ्याला कानांनी कळले पाहिजे. एप्रिल-मे मध्ये उन्हात फोन तापून कॅमेरा मध्येच बंद पडतो. कव्हर काढा, फोन सावलीत धरा, एका दमात पाच मिनिटांपेक्षा जास्त ओढू नका. ड्रोनच्या मोहात पडू नका, होटगी रस्त्यावर विमानतळ आहे आणि परवानगीशिवाय उडवलेला ड्रोन संघटनेवरच गुन्हा आणतो.

काय टिपायचे, हे तक्रार कोणती त्यावर ठरते. विडीच्या पानाचे वजन कमी भरते अशी तक्रार असेल, तर रडवेला चेहरा उपयोगाचा नाही, काटा उपयोगाचा. एकच अखंड चित्रण घ्या: रिकामा काटा शून्यावर, मग त्यावर बंद पाकिटातले एक किलो मीठ, म्हणजे काटा खरा असल्याचे दिसते, मग आलेल्या पानाचा गठ्ठा, मग हिशेबाच्या कार्डावरची त्या दिवसाची नोंद. मध्ये कुठेही कट नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. आगीनंतरचे धुराचे चित्रण सगळ्यांकडे असते. आग लागण्याआधीचे, कुलूपबंद दार, सुताच्या गठ्ठ्यांनी अडलेला जिना, उघडी वायरिंग, वरच्या मजल्यावर राहणारी कुटुंबे यांचे तारीखवार चित्रण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे वेळेत गेले तर माणसे वाचतात.

ड्रेनेजमध्ये माणूस उतरत असेल तर आधी त्याला थांबवा, चित्रण नंतर. आत कुणी बेशुद्ध पडला असेल तर मागोमाग उडी घेऊ नका, त्या वायूने वाचवायला गेलेलाही मरतो. ११२ ला फोन करा. टिपायचे असते ते झाकणाजवळच्या खांबाचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट, उतरवणाऱ्या मुकादमाचा हुकूम त्याच्याच आवाजात, आणि जागेवर नसलेली साधने. माणसाला मैला हाताने साफ करायला लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. ती मिळवताना ‘तो स्वतःच्या मर्जीने उतरला’ हेच पहिले उत्तर येते, आणि त्या उत्तराला हुकमाचा आवाज खोडून काढतो.

आता सगळ्यात नाजूक भाग, परवानगीचा. सेटलमेंट भागातल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांची हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला तरी पारधी, कैकाडी, टकारी घरांकडे बघणारी संशयाची नजर गेलेली नाही. तिथे चेहऱ्याची प्रत्येक नोंद आधी पोलिसाच्या वहीत गेलेली आहे. आपला कॅमेरा त्या वहीचेच पुढचे पान ठरू नये.

परवानगी एका सहीची नसते, पायऱ्यांची असते. पहिली पायरी, फक्त संघटनेने आणि वकिलाने पाहावे. दुसरी, अधिकाऱ्याला दाखवावे. तिसरी, चेहरा झाकून लोकांत जावे. चौथी, चेहऱ्यासकट जावे. प्रत्येक पायरी वेगळी विचारा, बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत विचारा, आणि संघटनेचा पुढारी शेजारी उभा असताना विचारू नका. त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणणे तिला जड जाते. काय काय होऊ शकते ते आधी सांगा: ठेकेदार उद्यापासून पान-तंबाखू देणे बंद करेल, घरमालक खोली सोडायला सांगेल, सासरचे विचारतील. मग तिला रात्रभर विचार करू द्या. नकार आला तर चित्रण वापरायचे नाही, कितीही परिणामकारक असो. उसाच्या फडावर तर मुकादमाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, अडकलेल्या नवरा-बायकोचे चित्रण ते दोघे सुरक्षित बाहेर पडेपर्यंत कुठेही जाऊ नये. उचल किती, टनाला दर काय, कधीपासून आहेत, मारहाण झाली का, हे नोंदवा आणि १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांतांकडे लेखी तक्रार द्या.

चेहरा झाकणे बहुतेकांना वाटते तितके सोपे नाही. हलका धूसरपणा पुरत नाही, ओळखीचा माणूस तरीही ओळखतो. गडद पूर्ण पट्टी टाका आणि ती प्रत्येक फ्रेममध्ये राहते का ते सावकाश चालवून पाहा, मान वळली की पट्टी मागे राहते. पाठीमागे उजेड ठेवून काळी आकृती घेतली तरी आजचे फोन सावलीतला तपशील उजळून ठेवतात. एडिटिंगमध्ये ब्राइटनेस पूर्ण वाढवून चेहरा उगवतो का हे तपासल्याशिवाय सोडू नका. आवाज जाड-बारीक केलेला परत मूळ पट्टीत आणता येतो, म्हणून तेच शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात वाचून घ्या. दारावरचा नंबर, भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो, साडी, शेजारणीची हाक, यांवरूनही घर सापडते. लोकांत जाणाऱ्या प्रतीतून ठिकाणाची माहिती काढून टाका. मूळ प्रतीत मात्र ती राहू द्या. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत पोक्सो व बाल न्याय कायदाही लागतो. तिथे आईवडिलांनी होकार दिला तरी चेहरा दाखवायचा नाही, हा नियम धरा.

भाषेचेही तसेच. शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला मराठीत प्रश्न विचारला की ‘हो, कमी देतात’ एवढेच उत्तर येते. तीच बाई तेलुगूत दहा मिनिटे हिशेब मांडते, पैशापैशाचा. कन्नड आणि दख्खनी बोलणाऱ्यांचेही हेच. तिच्या भाषेत बोलू द्या, खाली मराठी उपशीर्षके द्या, एका वेळी दोनच ओळी, आणि भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या. संपूर्ण संभाषण कागदावर उतरवून तिन्ही गोष्टी, मूळ चित्रण, लेखी उतारा, भाषांतर, एकत्र ठेवा.

एकाच चित्रणातून तीन वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की तिन्ही फसतात. न्यायालयाला न कापलेली मूळ फाइल, संगीताविना, मथळ्याविना. लोकांना पाहिजे तर दहा मिनिटांची, गाणे असलेली फिल्म. अधिकाऱ्यासाठी तीन मिनिटे: पहिल्या अर्ध्या मिनिटात जागा, तारीख आणि मोडलेला नियम, मग अखंड चित्रण, मग एका माणसाचे बोलणे, शेवटी कोणत्या कार्यालयाने काय करावे याची एक ओळ. करुण बासरी नको. समोरची बाई दया मागत नाही, ठरलेली मजुरी मागते आहे, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला की ते दिसते.

सरकारी कार्यालयात बाहेरचा पेनड्राइव्ह संगणकाला लावतच नाहीत, असे बऱ्याचदा होते. म्हणून चार कागद सोबत न्या: अर्ज, सहा ते आठ स्थिरचित्रांचे पान (प्रत्येक चित्राखाली फाइलचे नाव आणि मिनिट-सेकंद), बोलण्याचे भाषांतर, आणि हॅशची यादी. लॅपटॉप चार्ज करून न्या आणि तिथेच दाखवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, मजुरीच्या तक्रारीला सहायक कामगार आयुक्त आहेत. कुठेही द्या, आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. पंधरा दिवसांनी त्याच जागेवर, त्याच कोनातून पुन्हा चित्रण करा. बदल झाला असेल तर तो दाखवता येतो, नसेल तर दुसऱ्या अर्जाला तेच जोडता येते. फिल्म वस्तीत दाखवाल तेव्हा पहिला खेळ तिच्यात दिसणाऱ्या माणसांसाठीच ठेवा, आणि कुणी ‘हे काढा’ म्हटले तर ते काढा.

चित्रनोंद केंद्रासाठी प्रत्येक संघटनेने दोन माणसे द्यावीत, त्यातली एक बाई असावी आणि शक्यतो तेलुगू किंवा कन्नड बोलणारी. किल्ल्या दोन संघटनांकडे, म्हणजे कोणा एकाच्या मर्जीने काही पुसले जाणार नाही. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातले विद्यार्थी रजिस्टर आणि उपशीर्षकांच्या कामाला मागून घ्या. त्यांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि तुम्हाला हात. रजिस्टर, हॅश आणि परवानगीचे नमुने शिकवायला आम्ही येऊ, मोबदल्याशिवाय, तुम्ही सांगाल त्या वस्तीत. बैठकीला येताना गेल्या वर्षभरातले तुमचे सर्वांत महत्त्वाचे एक चित्रण आणा, ज्या फोनवर ते टिपले त्या फोनसकट.

आपले,
सोलापुरातील चित्रण-प्रशिक्षक आणि संकलक